वीज कंपनीचा स्वस्त शेअर घेताय? आधी बघा, तिचं कर्ज किती वर्षांत फिटेल

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठजवळ उंच चिमण्या दिसायला लागतात. १,३५० मेगावॅटचा हा औष्णिक वीज प्रकल्प रतनइंडिया पॉवर या कंपनीचा आहे. कंपनी बीएसई आणि एनएसई या दोन्ही बाजारांत नोंदलेली आहे आणि तिचा शेअर बरीच वर्षं एखाद्या कटिंग चहाच्या भावात मिळत आलाय. त्यामुळे 'आपल्याच जिल्ह्यातली कंपनी आहे, हजार शेअर घेऊन टाकू' असं म्हणणारे वऱ्हाडात भरपूर सापडतात.

मार्च २०२४ ला संपलेल्या तिमाहीचे निकाल आले तेव्हा या कंपनीचा आकडा व्हॉट्सॲप ग्रुपपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे फिरला. तीन महिन्यांचा एकत्रित नफा होता सुमारे १०,६६६ कोटी रुपये! त्याआधीच्या वर्षी याच तिमाहीत तोटा होता. शेअरचा भाव तेव्हा दहा रुपयांच्या घरात होता.

आता गंमत बघा. या कंपनीची वर्षभराची वीजविक्रीच तीन-साडेतीन हजार कोटींच्या घरातली. मग वर्षभराच्या विक्रीच्या तिप्पट नफा तीन महिन्यांत कसा झाला? आणि एवढा पैसा खरंच आला असेल तर तो गेला कुठे?

याचं उत्तर नफ्याच्या आकड्यात सापडत नाही. ते कर्ज आणि रोख प्रवाह यांच्या गणितात सापडतं. जाणकार लोक त्याला 'डेट टू कॅश फ्लो रेशो' म्हणतात. नाव जड आहे, पण गणित सातवीतल्या भागाकाराचं आहे.

कर्ज आणि रोख प्रवाहाचं गुणोत्तर म्हणजे नेमकं काय?

सोपी व्याख्या अशी. कंपनीवर एकूण कर्ज किती, त्याला वर्षभरात धंद्यातून हातात आलेल्या रोख रकमेनं भागायचं. जे उत्तर येईल तेवढी वर्षं कर्ज फिटायला लागतील. अट एकच, की आलेला सगळा पैसा कर्जातच भरला जाईल.

कर्ज ६०० कोटी आणि रोख १५० कोटी असेल, तर उत्तर ४. म्हणजे चार वर्षं. रोख ३० कोटीच असेल, तर उत्तर २०. म्हणजे वीस वर्षं.

पण यात दोन-तीन खाचा आहेत. त्या कंपनीच्या आकड्यांपेक्षा कापसाच्या हिशेबात लवकर कळतात.

कापसाचा चुकारा आणि कंपनीचा नफा

समजा, अकोट तालुक्यातल्या एका शेतकऱ्यावर ६ लाखांचं कर्ज आहे. यंदा त्यानं ८ लाखांचा कापूस विकला. बियाणं, खत, फवारणी, वेचणी असा खर्च ५ लाख. वहीत नफा झाला ३ लाख. या हिशेबानं कर्ज दोन वर्षांत फिटतं.

पण व्यापाऱ्यानं चुकारा पूर्ण दिलेला नाही. ६ लाख दिले, २ लाख 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून ठेवले. म्हणजे खर्च जाऊन हातात उरला फक्त १ लाख. आता कर्ज फिटायला सहा वर्षं लागतात.

अजून व्याज बाकी आहे. ६ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६० हजार. ते भरल्यावर उरले ४० हजार. आता लागतात पंधरा वर्षं.

त्यात विहिरीवरची मोटर जळाली आणि पाइपलाइन बदलावी लागली, २५ हजार गेले. उरले १५ हजार. आता कर्ज फिटायला लागतील चाळीस वर्षं!

शेतकरी तोच, कापूस तोच, वर्षही तेच. तरी उत्तरं चार निघाली: २, ६, १५ आणि ४०. कंपन्यांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. जाहिरातीत आणि रीलमध्ये पहिलं उत्तर दाखवतात. बँकेचा अधिकारी शेवटचं उत्तर बघतो.

कंपनीच्या कागदात ही रोख कुठे दिसते?

प्रत्येक नोंदलेल्या कंपनीला 'कॅश फ्लो स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्याचे तीन भाग असतात.

• पहिला भाग: कामकाजातून आलेली रोख. वीज विकली, बिलाचे पैसे आले, कोळशाचे आणि पगाराचे गेले, मागे काय उरलं.

• दुसरा भाग: गुंतवणूक. नवी यंत्रं, जमीन, नवा प्रकल्प यांत किती गेले, काही विकून किती आले.

• तिसरा भाग: भांडवल आणि कर्ज. नवं कर्ज किती घेतलं, जुनं किती फेडलं, व्याज किती भरलं, नवे शेअर विकून किती आणले.

आपल्या भागाकारासाठी पहिला भाग महत्त्वाचा. पण इथेच पहिली खाच आहे. भारतातल्या हिशेबाच्या नियमांनुसार, म्हणजे इंड-एएस ७ नुसार, बँका आणि फायनान्स कंपन्या सोडून इतर कंपन्या भरलेलं व्याज तिसऱ्या भागात दाखवतात. म्हणजे पहिल्या भागातली रोख ही व्याज भरण्याआधीची असते.

समजा, एका वीज कंपनीवर १,००० कोटींचं कर्ज आहे आणि कामकाजातून आलेली रोख २०० कोटी आहे. भागाकार केला की पाच वर्षं. बरं वाटतं. पण तिसऱ्या भागात जाऊन बघितलं तर १०० कोटी व्याजात गेलेले दिसतात. खरी शिल्लक १०० कोटी, खरी वर्षं दहा. परदेशी वेबसाइटवरची सूत्रं जशीच्या तशी इथे लावली की हा घोळ होतो, कारण अमेरिकेत व्याज पहिल्याच भागात वजा होतं.

म्हणून रोख मोजताना तीन पायऱ्या कराव्यात. आधी कामकाजातून आलेली रोख घ्या. त्यातून भरलेलं व्याज वजा करा. मग चालू यंत्रणा चालू ठेवण्यासाठी केलेला खर्च वजा करा. जे उरेल त्यानं कर्जाला भागा.

आणि 'एकूण कर्ज' म्हणजे कोणकोणतं?

ताळेबंदात दीर्घ मुदतीचं कर्ज आणि अल्प मुदतीचं कर्ज अशा दोन ओळी असतात. दोन्हींची बेरीज करायची. त्यात लीजची देणी मिळवायची. परत करावे लागणारे प्रेफरन्स शेअर असतील तर तेही, कारण नाव शेअरचं असलं तरी पैसा परत द्यायचाच असतो.

आणखी एक गोष्ट ताळेबंदाच्या मुख्य पानावर दिसतच नाही. ती म्हणजे उपकंपनीच्या कर्जाला दिलेली हमी. गावाकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कर्ज दुसऱ्यानं घेतलं तरी नोटीस जामीनदाराच्या घरी येते. कंपनीच्या वार्षिक अहवालात ही माहिती मागच्या टिपांमध्ये, 'आकस्मिक देयता' या मथळ्याखाली असते.

आता नांदगाव पेठेची गोष्ट

या सगळ्या गणिताचं जिवंत उदाहरण म्हणजे अमरावतीचा हा प्रकल्प.

कंपनीचं आधीचं नाव इंडियाबुल्स पॉवर. ऑक्टोबर २००९ मध्ये तिचा आयपीओ आला, शेअरचा भाव होता ४५ रुपये. तो काळ खासगी वीज प्रकल्पांच्या लाटेचा होता. देशात भारनियमन होतं, विजेची टंचाई होती आणि वीज प्रकल्प म्हणजे पैशांची टाकसाळ असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं होतं.

अमरावतीत २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले. पहिला २०१३ मध्ये सुरू झाला, शेवटचा २०१५ मध्ये. १,२०० मेगावॅट विजेसाठी महावितरणशी २५ वर्षांचा करार झाला होता. याच दरम्यान, २०१४ मध्ये, कंपनीचं नाव रतनइंडिया पॉवर झालं. प्रकल्पाला पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून. सिंचनाचं पाणी वीज प्रकल्पाला का, यावरून तेव्हा जिल्ह्यात मोठं आंदोलनही झालं होतं.

दुसरा तितकाच मोठा प्रकल्प, तोही १,३५० मेगावॅटचा, नाशिक जिल्ह्यात सिन्नरला होता. तो उपकंपनीच्या नावावर होता. संच उभे राहिले, पण दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी कराराचा पत्ता नव्हता. म्हणजे हजारो कोटींचं कर्ज, त्यावर रोज चढणारं व्याज आणि विक्री जवळपास शून्य. इथे भागाकार करताच येत नाही, कारण खाली शून्य आहे.

असे अडकलेले प्रकल्प देशभर होते. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीनं अडचणीतल्या ३४ औष्णिक प्रकल्पांचा विषय मांडला होता. त्यांची एकूण क्षमता ४० हजार मेगावॅटच्या वर होती. कारणं सगळीकडे साधारण सारखीच: कोळसा नाही, वीज खरेदी करार नाही, वीज घेणारे वेळेवर पैसे देत नाहीत आणि प्रकल्पाचा खर्च वाढत गेलेला.

६,५७४ कोटींचं कर्ज ४,०५० कोटींत कसं मिटलं?

अमरावती प्रकल्पाला ग्राहक होता, करार होता, संच चालू शकत होते. तरीही कर्जाचा डोंगर पेलला नाही. शेवटी डिसेंबर २०१९ अखेर एकरकमी परतफेड झाली, म्हणजे वन टाइम सेटलमेंट. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि स्टेट बँकेसह १२ कर्जदात्यांचं व्याजासह देणं होतं ६,५७४ कोटी. त्यापोटी रोख दिले गेले ४,०५० कोटी. गोल्डमन सॅक्स आणि वर्डे पार्टनर्स या परदेशी गुंतवणूकदारांनी हा पैसा उभा केला.

रोख रकमेच्या हिशेबात कर्जदात्यांना रुपयामागे साधारण ६२ पैसे मिळाले. चालू प्रकल्प, सरकारी कंपनीशी २५ वर्षांचा करार, तरी ही वेळ आली. मुद्दा हाच, की प्रकल्प चांगला असणं वेगळं आणि त्या प्रकल्पाच्या रोखीत त्याचं कर्ज मावणं वेगळं.

शेअरधारकाचं काय झालं? ४५ रुपयांना आयपीओत घेतलेला शेअर २०२० च्या मार्चमध्ये दोन रुपयांच्याही खाली गेला होता. कर्जदात्यांना रुपयातले ६२ पैसे तरी मिळाले. शेअरधारकाच्या हातात पाच पैसेही उरले नाहीत. कारण रांगेत बँक पुढे असते आणि शेअरधारक सगळ्यात मागे. कर्ज फिटल्याशिवाय त्याचा नंबर येत नाही.

कर्जाचा बोजा कमी झाल्यावर मात्र चित्र बदललं. संच चालत राहिले, पैसा येत राहिला, कर्ज फिटत गेलं. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं कोटक महिंद्रा बँकेकडून १,११४ कोटींचं कर्ज घेऊन जुन्या कर्जाची जागा भरली. प्रकल्प तोच, कोळसा तोच, ग्राहक तोच. भागाकारातला वरचा आकडा कमी झाला आणि कंपनी उभी राहिली.

मग ते १०,६६६ कोटी आले कुठून?

उत्तर आहे, आलेच नाहीत.

सिन्नरची उपकंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्यावरचं नियंत्रण मूळ कंपनीच्या हातातून गेल्यामुळे मार्च २०२४ च्या तिमाहीत ती एकत्रित हिशेबातून बाहेर काढण्यात आली. या उपकंपनीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा कितीतरी जास्त होती. वर्षानुवर्षं तो खड्डा मूळ कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात दिसत होता. उपकंपनी वगळली, खड्डाही वहीतून गेला आणि जेवढा खड्डा बुजला तेवढा आकडा 'नफा' म्हणून नोंदवला गेला.

यात लबाडी काही नाही. हिशेबाचा नियमच तसा आहे आणि कंपनीनं तो अपवादात्मक नफा म्हणूनच दाखवला. घोळ झाला तो स्क्रीनशॉटमध्ये. स्क्रीनशॉटवर फक्त 'नफा १०,६६६ कोटी' एवढंच होतं.

घरातलं उदाहरण घ्या. धाकट्या भावाचं कर्ज इतकी वर्षं घरच्या वहीत लिहिलं जात होतं. वाटणी झाली, त्याची वही वेगळी झाली. मोठ्या भावाच्या वहीतला आकडा एकदम हलका झाला. पण म्हणून त्याच्या खिशात रुपया आला का? नाही.

कंपनीचे एकूण शेअर सुमारे ५३७ कोटी. नफ्याला त्यानं भागलं तर प्रतिशेअर नफा येतो जवळपास २० रुपये. शेअर दहा रुपयांच्या घरात. म्हणजे पी-ई रेशो एकच्याही खाली! शेअर शोधून देणाऱ्या ॲपमध्ये अशी कंपनी 'अतिशय स्वस्त' म्हणून वर येते. कॅश फ्लो स्टेटमेंट उघडलं असतं तर त्या १०,६६६ कोटींचा तिथे मागमूसही दिसला नसता, कारण ज्या नफ्यात रोख नाही तो तिथे पहिल्याच काही ओळींत वजा होतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर होतो. दहा रुपयांचा शेअर म्हणजे छोटी किंवा स्वस्त कंपनी नव्हे. ५३७ कोटी शेअर गुणिले दहा म्हणजे ५,३७० कोटींची कंपनी. शेअरच्या भावावरून कंपनीची किंमत कळत नाही.

वीज कंपन्यांची रोख अडकते कुठे?

वीज हा असा माल आहे की तो विकल्यावर परत घेता येत नाही. संच चालला, वीज गेली, पंखे फिरले, बिल निघालं. पैसे मात्र वितरण कंपनी देईल तेव्हा. महाराष्ट्रात बहुतांश विजेचा ग्राहक एकच, महावितरण. आणि तिचे स्वतःचे पैसे कृषिपंपांच्या आणि इतर थकबाकीत अडकलेले. ही साखळी वऱ्हाडातल्या माणसाला माहीत आहे. ग्राहकानं भरलं नाही तर महावितरणचं अडतं, महावितरणचं अडलं तर निर्मिती कंपनीचं आणि तिचं अडलं तर बँकेचा हप्ता चुकतो.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे नवे नियम आणले. जुनी थकबाकी जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडायची मुभा वितरण कंपन्यांना मिळाली. निर्मिती कंपन्यांकडे अडकलेला पैसा हप्त्याहप्त्यानं सुटायला लागला.

पण गुंतवणूकदारासाठी यात दुसरी खाच आहे. जुनी थकबाकी एखाद्या वर्षी एकदम आली की त्या वर्षीची रोख फुगते आणि गुणोत्तर एकदम सुंदर दिसतं. पुढच्या वर्षी तो पैसा पुन्हा येणार नसतो. म्हणून एका वर्षाची रोख घेऊ नये. तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

थकबाकी किती जुनी आहे हेही बघता येतं. २०२१ पासून कंपन्यांना वार्षिक अहवालात येणी किती महिन्यांची किंवा वर्षांची आहेत आणि त्यातली वादग्रस्त किती, याचा तक्ता द्यावा लागतो. तीन वर्षांपेक्षा जुनी आणि वादग्रस्त येणी जास्त असतील, तर तो पैसा वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि सुप्रीम कोर्ट अशा पायऱ्या चढत असण्याची शक्यता असते.

पारस आणि सौर कंपन्या: एकच आकडा, वेगळे अर्थ

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात पारसचा औष्णिक प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. तो महानिर्मितीचा, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचा. तिचा शेअर बाजारात मिळत नाही. त्यामुळे तिथे रोख अडकली तर भार अखेर सरकारवर आणि वीजदरावर येतो. खासगी कंपनीत तो आधी शेअरधारकावर येतो.

आता नवी लाट सौरऊर्जेची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे गावोगावच्या उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प उभे राहतायत. त्यामागे लहान-मोठ्या अनेक कंपन्या आहेत आणि त्यातल्या काही शेअर बाजारात येतायत. इथे दोन प्रकारच्या कंपन्या वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली, प्रकल्प स्वतःच्या मालकीचा ठेवून वीज विकणारी. तिच्यावर सुरुवातीला कर्ज जास्तच असतं, कारण प्रकल्पखर्चाच्या ७० ते ७५ टक्के रक्कम कर्जातून येते. गुणोत्तर ७ किंवा ८ आलं तरी घाबरायचं कारण नसतं, जर वीज खरेदी करार २५ वर्षांचा असेल आणि पैसे वेळेवर येत असतील. इथे तुलना करायची ती कराराच्या उरलेल्या वर्षांशी. कर्ज फिटायला १० वर्षं आणि करार उरलाय २० वर्षांचा, तर जागा आहे. कर्ज फिटायला १८ वर्षं आणि करार उरलाय १२ वर्षांचा, तर उत्तर उघड आहे.

दुसरी, फक्त प्रकल्प उभारून देणारी, म्हणजे ईपीसी कंत्राटदार कंपनी. तिच्याकडे २५ वर्षांचं उत्पन्न नाही. आज काम आहे, उद्या नाही. तिचं गुणोत्तर ७ किंवा ८ असेल तर ती धोक्याची घंटा. अशा कंपनीत साधारण ३ च्या आतला आकडा बरा मानतात. या कंपन्यांच्या 'ऑर्डर बुक'ची जाहिरात खूप होते. पण ऑर्डर म्हणजे पैसा नव्हे. काम झालं, बिल पास झालं आणि पैसे बँकेत आले, की मग पैसा.

पुण्याच्या सुझलॉनची आठवण इथे होतेच. पवनचक्क्यांच्या जगात मोठं नाव, ऑर्डरही होत्या. पण परदेशी कंपन्या विकत घेताना काढलेलं कर्ज रोखीत मावलं नाही आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरचे रोखे फेडता आले नाहीत. पुढे कंपनी सावरली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे शेअर विकून २,००० कोटी उभे केले आणि कर्जातून मोकळी झाली. पण या प्रवासात एकूण शेअरची संख्या १,३०० कोटींच्या पुढे गेली. म्हणजे कर्ज कमी झालेलं दिसलं तर ते धंद्यातल्या रोखीतून फिटलं की नवे शेअर विकून, हेही बघावं. दुसऱ्या प्रकारात भाकरी तेवढीच राहते, खाणारे वाढतात.

एसएमई आयपीओ घेणाऱ्यांसाठी

छोट्या ऊर्जा कंपन्यांचे आयपीओ बहुतेक एसएमई मंचावर येतात. एनएसईनं सप्टेंबर २०२४ पासून नियम केला की एसएमई मंचावर येणाऱ्या कंपनीकडे मागच्या तीनपैकी किमान दोन वर्षांत शेअरधारकांसाठी उरणारी मोकळी रोख शून्याच्या वर असली पाहिजे. नुसता नफा दाखवून भागणार नाही, हा त्याचा अर्थ. २०२५ पासून सेबीनं एसएमई आयपीओतल्या अर्जाची किमान रक्कमही दोन लाखांच्या वर नेली. छोट्या गुंतवणूकदारानं विचार न करता उडी मारू नये, हा त्यामागचा हेतू.

स्वतः तपासायचं असेल तर

१. बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका आणि वार्षिक अहवाल उघडा. उपकंपन्या असतील तर 'एकत्रित' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही हिशेब बघा. दोन्हींत मोठा फरक असेल तर तो कुठल्या उपकंपनीमुळे आहे ते शोधा.

२. कॅश फ्लो स्टेटमेंट वर्षातून दोनदाच मिळतं, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत. जून आणि डिसेंबरच्या निकालांत ते बहुधा नसतं. त्या तिमाहीतल्या 'विक्रमी नफ्या'कडे जरा सबुरीनं बघा.

३. एकूण कर्ज लिहून घ्या. तीन वर्षांची कामकाजातली रोख घ्या, त्यातून व्याज आणि नेहमीचा यंत्रखर्च वजा करा, सरासरी काढा आणि भागाकार करा.

४. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये गुणोत्तरांचा तक्ता असतो. २०२१ पासून तो बंधनकारक आहे. त्यात 'डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो' बघा. तो १ च्या खाली असेल तर वर्षाचा हप्ता आणि व्याज भरण्याएवढी कमाईच नाही, म्हणजे जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज लागणार. बँका साधारण १.२ किंवा त्याहून जास्त आकडा मागतात. कुठलंही गुणोत्तर आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं असेल तर कंपनीला त्याचं कारण तिथेच लिहावं लागतं. ते कारण नक्की वाचा.

५. नफा आणि कामकाजातली रोख यांची पाच वर्षांची बेरीज शेजारी शेजारी मांडा. नफ्याची बेरीज फुगलेली आणि रोखीची सुकलेली असेल, तर पैसा कुठेतरी अडकलाय किंवा तो कधी आलाच नव्हता.

एवढं करायला अर्धा तास लागतो. या गुणोत्तरातून शेअर वर जाईल की खाली, हे कळत नाही. कोळशाचा पुरवठा, नियामक आयोगाचा निकाल, सरकारचं धोरण यांपैकी काहीही उद्या बदलू शकतं. कंपनीला वाईट वर्ष आलं तर ती किती दिवस तग धरेल, एवढं मात्र कळतं.

आणि वाईट वर्ष येतं, हे कापूस लावणाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. शेत कितीही चांगलं असलं तरी सावकाराचं देणं किती आहे हे विचारल्याशिवाय वऱ्हाडात सोयरीक होत नाही. शेअर घेतानाही तेवढीच चौकशी केलेली बरी.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात उल्लेख केलेल्या कुठल्याही कंपनीचा शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हा सल्ला नाही. गुंतवणुकीचा निर्णय घेण्याआधी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोलावं.)